जुन्या यंत्रांची विचारपूस : रंग सगळ्यात शेवटी

मागच्या अंकात मी एक वाक्य सहज लिहून गेले : ताजा रंग दिलेला जुना ट्रॅक्टर दिसला की मी आधी दोन पावलं मागे सरकते. त्यावर पत्रांचा पाऊस पडला. काहींनी पाठ थोपटली. एका कारागिरानं मात्र चांगलंच झापलं, "आम्ही आठ-आठ दिवस घासून रंगवतो, ते काय लबाडी करायला?" नाही हो. रंगवणं म्हणजे लबाडी नव्हे. पण रंगाखाली काय आहे हे रंगवणाऱ्यानं सांगितलं नाही, तर ते मला चाचपून शोधावं लागतं, आणि चाचपण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत. वडिलांच्या शेडमध्ये मी लागले तीच मुळी हात बारीक म्हणून. डिझेल पंपाच्या मागचा जो नट कुणाच्या हाताला लागायचा नाही, त्याच्यासाठी मला शाळेतून आल्या आल्या दप्तरासकट हाक पडायची. पुढे हात जाड झाले, पण तोवर बाकीचंही कळायला लागलं होतं.

या वेळची पत्रं.

ताई, दुरुस्त करून विकायच्या हिशेबानं पहिलाच जुना ट्रॅक्टर घ्यायला निघालोय. मालक म्हणतो, मीटरवर फक्त तीन हजार तास झालेत. माझ्याकडे बघायला तासभर असेल. काय काय बघू?

निघायच्या आधी एक फोन करा. "मी येईपर्यंत ट्रॅक्टर चालू करू नका," एवढंच सांगा. पोचलात की गप्पा सुरू व्हायच्या आत बॉनेटखाली हात घालून इंजिनाचा ब्लॉक चाचपा. कोमट लागला, तर तुमच्या आधी कुणीतरी त्याला जागं करून ठेवलंय. गरम इंजिन अर्धी दुखणी लपवतं. थंड इंजिन चालू होताना किती कुरकुरतं, कितव्या फेरीला पकडतं, पहिला धूर कसा टाकतं, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय.

आता मीटर. जुन्या ट्रॅक्टरवरचं तासांचं मीटर म्हणजे घड्याळ नव्हे. इंजिनाकडून आलेल्या केबलवर ते फिरतं, आणि इंजिन ठरावीक फेऱ्यांवर असेल तेव्हाच त्याचा तास आपल्या तासाएवढा भरतो. मंद गतीवर तासभर गुरगुरत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या मीटरवर जेमतेम अर्धा तास चढतो. केबल तुटली की मीटर झोपतं, इंजिन चालतच राहतं. म्हणून मी आधी पेडल बघते. क्लचच्या पेडलवर बूट सरकू नये म्हणून आडव्या रेघा असतात. तीन हजार तासांत त्या बोथट होतात, पण पुसल्या जात नाहीत. पेडल आरशासारखं गुळगुळीत असेल आणि डाव्या कडेला बुटाच्या आकाराची खोलगट जागा झाली असेल, तर मीटरनं बरीच वर्षं रजा घेतलेली आहे. पेडलवर कोरं रबर चढवलेलं असेल, तर पेडल धरून आडवं हलवा. रबर बदलता येतं, पण पेडलच्या बुशचा खुळखुळाट कुणी काढत बसत नाही.

तसंच मागे जाऊन ड्रॉबारच्या, म्हणजे ट्रॉली जोडायच्या दांड्याच्या, भोकात बोट घाला. भोक गोल आहे की लंबगोल? मग पीटीओच्या, म्हणजे अवजाराला फिरती शक्ती देणाऱ्या, शाफ्टवरच्या दात्यांवरून नख फिरवा. दाता एका बाजूनं खाल्ला गेला असेल तर नखाला पायरी लागते. ही तीन ठिकाणं कुणी रंगवून लपवू शकत नाही, निदान मला तरी अजून तसा कलाकार भेटलेला नाही.

आता चालू करायला सांगा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी : एअर फिल्टर तुंबलाय, नाहीतर डिझेल फवारणारं नोझल ठिबकतंय. हे स्वस्तातलं दुखणं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडपणी निघून इंजिन तापल्यावर गेला तर काळजी नको. तापल्यावरही राहिला आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट किंवा त्याहून वाईट काहीतरी. मग इंजिन मंद चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण काढा आणि भोकावर नुसतंच उलटं ठेवा. झाकण जागेवर किंचित थरथरलं तर ठीक. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणासारखं उडायला लागलं, तर सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरतोय. लायनर-पिस्टनचं काम धरूनच चला.

गिअरबॉक्सच्या ऑइलची पट्टी बाहेर काढून बघा. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, एक तर मागच्या धुऱ्यांच्या सिलांतून, नाहीतर गिअरच्या दांड्याच्या फाटक्या रबरातून. चिखलात राबलेल्या ट्रॅक्टरला हे हमखास असतं. क्लच बघायला वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. गुरगुरत चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. बघून झालं की जास्त वेळ तसं धरून ठेवू नका, प्लेट जळेल. शेवटी लिफ्टवर जड अवजार अडकवून वर उचला आणि इंजिन बंद करा. हळूहळू, तासांच्या हिशेबानं खाली आलं तर चालेल. तुम्ही मालकाशी चार वाक्यं बोलेपर्यंत जमिनीला टेकलं, तर लिफ्टच्या पिस्टनची सील किंवा व्हॉल्व्ह गेलेला आहे.

आणि चासीचा नंबर, इंजिनाचा नंबर कागदांशी ताडून बघा. यंत्रावर कुणाचं कर्ज बाकी आहे का, तेही. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

शेडमागे तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर सहा वर्षं उभा आहे. इंजिन जाम आहे. शेजारी म्हणतो, गिअरमध्ये टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढू, सुटेल. ओढू का?

नका ओढू. शेजाऱ्याला माझा नमस्कार सांगा आणि दोर घरी ठेवायला सांगा.

हे मी एकदा केलेलं आहे. एकोणीस वर्षांची होते, वडील बाहेर गेले होते, आणि ते परत यायच्या आत इंजिन चालू करून दाखवायची हौस होती. भावाला पुढच्या ट्रॅक्टरवर बसवलं, मी मागे. तिसरा गिअर टाकून क्लच सोडला. आधी मागची चाकं फरपटत गेली. मग अचानक 'टक्' असा आवाज आला, फार मोठा नाही, कुलूप उघडल्यासारखा, आणि चाकं फिरायला लागली. आम्ही दोघं आनंदानं ओरडलो. हेड उघडल्यावर कळलं : व्हॉल्व्ह गंजून गाइडमध्ये, म्हणजे आपल्या नळीत, उघडेच चिकटले होते. पिस्टन वर आले ते त्यांच्यावर आदळले. एक व्हॉल्व्ह वाकला, व्हॉल्व्ह ढकलणारे दोन पुशरॉड, म्हणजे दांडे, धनुष्यासारखे झाले. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी त्यातला एक पुशरॉड भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. तो अजून तिथेच आहे. नवीन मुलगा कामाला लागला की आधी त्याकडे बोट दाखवते.

तुम्ही असं करा. आधी खरंच इंजिन जाम आहे का याची खात्री करा. कधीकधी क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असते आणि गिअरबॉक्स अडलेला असतो, आणि बिचाऱ्या इंजिनावर आळ येतो. मग ऑइलच्या चेंबरचा खालचा नट हळूच ढिला करा. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून आत पाणी असेल तर तेच आधी बाहेर येईल. किती आलं ते मोजून ठेवा. त्यावरून आतली परिस्थिती कळते.

वरचं कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्ह लाकडी ठोकळ्यानं हलकेच दाबून बघा. खाली जाऊन परत वर येतो का? जो येत नाही, त्याच्या देठाशी पातळ तेल सोडत राहा. नोझल काढून तिन्ही सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरचं पातळ तेल मिसळून ओता. आणि थांबा. एक दिवस नव्हे, आठवडा, गरज पडली तर तीन आठवडे. रोज थोडं घाला, आणि रोज क्रँकच्या पुढच्या नटाला लांब पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे करा. नुसतं पुढे रेटायचं नाही. दरवाजा फुगून बसला की आपण तो हलवून हलवून काढतो ना, तसंच. स्टार्टर मारायचा नाही. ज्या दिवशी पाना केसभर हलेल त्या दिवशी काम झालं असं समजा. पण नोझल परत बसवायच्या आधी इंजिन हातानं पुरते दोन फेरे फिरवा आणि आतलं तेल नोझलच्या भोकांतून बाहेर उडू द्या. ते आत राहिलं आणि तुम्ही चालू केलं, तर द्रव दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

महिन्यानंतरही नाही हललं, तर हेड उतरवा. तोवर तुमचं फक्त तेल गेलेलं असेल.

जुन्या ट्रॅक्टरला नवी बॅटरी लावली, तर ठिणगी उडाली आणि डायनॅमो चार्जिंगच करेनासा झाला. बॅटरी खराब आहे का?

बॅटरी नाही, जोडणी उलटी आहे. जुन्या काळातल्या, विशेषतः ब्रिटिश बनावटीच्या बऱ्याच ट्रॅक्टरांमध्ये बॅटरीचं धन टोक चासीला जोडलेलं असतं. आपण आजच्या सवयीनं ऋण टोक जोडतो. आधी वायरिंग बघा, मग बॅटरीला शिव्या द्या. बॅटरी सरळ जोडल्यावरही डायनॅमो चार्जिंग करत नसेल, तर त्याची चुंबकीय दिशा उलटली असेल. एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनला ती परत सुलट करायला पाच मिनिटं लागतात.

रोटाव्हेटर सेकंडहँड घेतला, सगळी पाती नवी लावली, शाफ्ट काढून साफ करून ग्रीस भरलं. आता तो इतका थरथरतो की ट्रॅक्टरवर बसवत नाही. जमिनीला लागलेला नसताना, वर उचलला की आणखीच जास्त. पाती विकणाऱ्यानं फसवलं का?

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : शाफ्ट काढून ग्रीस भरलं.

पाती आधी तपासू. एल आकाराची पाती डावी आणि उजवी अशी दोन जातींची असतात. बहुतेक यंत्रांत रोटरवरच्या एका चकतीवर, म्हणजे फ्लँजवर, सहा, तीन डावी नि तीन उजवी, आणि दोन्ही टोकांच्या फ्लँजवर सगळी आतल्या बाजूला वळलेली. ती रोटरवर स्क्रूच्या आट्यासारखी सरकत सरकत बसवतात, म्हणजे एका क्षणी एखाद-दुसरंच पातं मातीत घुसतं. हा क्रम चुकला तर चार-पाच पाती एकदम आपटतात आणि यंत्र उड्या मारतं. पण ते जमिनीत असताना. तुमचा तर हवेतच जास्त थरथरतोय, म्हणून माझा संशय पात्यांवर कमी आहे.

पीटीओचा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, एकात एक सरकणारा. दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, वाकड्या कोनातही फिरणारा सांधा. क्रॉस वाकड्या कोनात फिरतो तेव्हा त्याची गती एका फेरीत दोनदा वाढते, दोनदा कमी होते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस नेमकी ती चढउतार रद्द करतो, पण त्याची अट एकच : शाफ्टवरचे क्रॉस धरणारे दोन्ही आतले काटे एका रेषेत पाहिजेत. चौकोनी नळीचा शाफ्ट ग्रीस लावून परत घालताना एक चतुर्थांश फेरी चुकली, तर चढउतार रद्द होण्याऐवजी बेरीज होते. अवजार वर उचललं की कोन वाढतो, थरथरही वाढते. तुमचं लक्षण अक्षर न अक्षर हेच सांगतंय.

शाफ्ट जमिनीवर आडवा ठेवा, डोळा लावून बघा. दोन्ही काटे एका पातळीत नसतील तर ओढून काढा, फिरवा, परत घाला. फुकटातली दुरुस्ती. आणि पाती विकणाऱ्याची मनातल्या मनात माफी मागा.

शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर फाटलेलं होतं, काढून टाकलं. गिऱ्हाईक म्हणतं, नसलं तरी चालतं, उलट ग्रीस द्यायला सोपं. नवं कव्हर बसवण्याचा खर्च करू का?

करा. आणि गिऱ्हाईक नको म्हणालं तरी करा.

पीटीओच्या फेऱ्या मिनिटाला 540. म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्ट 35 मिलिमीटर जाडीचा धरला तर त्याचा घेर साधारण 110 मिलिमीटर. सेकंदाला नऊ फेऱ्या म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक मीटर कापड गुंडाळलं जातं, आणि काट्याचं तोंड याहून रुंद असतं, तिथं वेग आणखी जास्त. सदऱ्याची बाही अडकली तर ओरडायला तोंड उघडेपर्यंत माणूस शाफ्टपाशी पोचलेला असतो. ट्रॅक्टरवरच्या माणसाला लिव्हर ओढायलाही तेवढाच वेळ लागतो, त्यानं बघितलं तर. मी या विषयावर वाद घालत नाही. कव्हर नसलेला शाफ्ट माझ्या शेडमधून बाहेर जात नाही, आणि कव्हराची साखळी ट्रॅक्टरला अडकवून दाखवल्याशिवाय मी चावी देत नाही. कव्हर शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून ती साखळी असते, शोभेची नव्हे.

याच हिशेबात डोक्यावरची संरक्षक चौकट. ट्रॅक्टर उलटला तर माणूस खाली चिरडू नये म्हणून स्वीडननं 1959 पासून नव्या ट्रॅक्टरांवर ती सक्तीची केली, मग एकेक देश त्या वाटेनं गेला. जुनं यंत्र घेताना चौकट वाकलेली, गंजलेली किंवा वेल्डिंग केलेली दिसली तर ती सरळ करत बसू नका, भंगारात द्या आणि त्या मॉडेलची दुसरी बसवा. दिवा लावायला म्हणून तिला भोक पाडणाऱ्यांना तर मी काय म्हणू. भोक पाडलं की ती चौकट राहत नाही.

गंज काढायला सँडपेपर, ब्लास्टिंग, की अॅसिड?

वस्तूवर आहे. बॉनेट, मडगार्ड, पत्र्याची कामं ब्लास्टिंगला देताना सांभाळून द्या. जोर जास्त झाला तर पत्र्याला लाटा पडतात. लहान लोखंडी भागांसाठी मला विजेची पद्धत आवडते. प्लॅस्टिकचा टब, पाणी, धुण्याचा सोडा. गंजका भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, आणि धन टोकाला कुठलाही जाड साध्या लोखंडाचा भंगार तुकडा. रात्रभर ठेवा. सकाळी गंज काळ्या लगद्यासारखा ब्रशनं निघतो आणि चांगलं लोखंड अजिबात खाल्लं जात नाही. धन टोकाला स्टेनलेस स्टील मात्र लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. अॅल्युमिनियमचे भाग आणि स्प्रिंगाही टबात टाकायच्या नाहीत. टबातून हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर करायचं, आणि जवळपास बिडी-काडी नको.

दोन गोष्टी मात्र हात जोडून सांगते. जुन्या रंगांमध्ये शिसं असायचं. तो कोरडा घासून त्याची धूळ उडवू नका, ओला घासा किंवा रंग काढायचं रसायन वापरा, आणि तोंडाला नीट मास्क लावा. जुन्या क्लच प्लेट आणि ब्रेकच्या पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असायचं. ती भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकून उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. आमच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं सगळे फुंकतच होते, वडीलही. कुणी सांगितलंच नव्हतं.

घराण्यातला फर्ग्युसन टीई 20 आहे. चालतो. करडा रंग अगदीच मरगळलेला वाटतो, लाल करून घेऊ का? मुलाला विकायचा आहे, मला ठेवायचा आहे.

लाल? अहो, करडा हाच त्याचा रंग. लाल आला तो पुढे, मॅसी-हॅरिस आणि फर्ग्युसन या दोन कंपन्या 1953 मध्ये एकत्र आल्यानंतर काही वर्षांनी. तुमचा त्याच्या आधीचा घराणेदार माणूस आहे, त्याला दुसऱ्याचा सदरा घालू नका.

टीई 20 इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला 1946 ते 1956 या काळात बनला, पाच लाखांहून जास्त. म्हणजे दुर्मीळ वगैरे नाही. त्याचं मोल वेगळं आहे. आज जगातल्या जवळजवळ कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागे जाऊन उभे राहा, खालचे दोन हात आणि वरची एक टॉप लिंक दिसेल. ती तीन बिंदूंची जोडणी आणि तिच्याबरोबरचं हायड्रॉलिक हॅरी फर्ग्युसननं घडवलं. त्याआधी अवजार ट्रॅक्टरच्या मागे नुसतं दोरानं ओढल्यासारखं यायचं. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टरचं नाक वर यायचं आणि तो मागे उलटायचा. फर्ग्युसनच्या पद्धतीत नांगर अडला की टॉप लिंक पुढे दाबली जाते, ट्रॅक्टरचं नाक खाली राहतं, आणि नांगराचं वजन मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते. एवढ्या हलक्या यंत्रानं एवढी नांगरट होते ती यामुळे. एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो असेच फर्ग्युसन घेऊन, चाकांवर पट्टे चढवून.

म्हणून माझं मत : चालतोय ना, मग चालू ठेवा. ऑइल, फिल्टर, सील, टायर, वायरिंग बदला. डॅशवरची क्रमांकाची पट्टी घासू नका, पॉलिशही करू नका. काढलेला प्रत्येक मूळ भाग, तुटका असला तरी, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवा. संग्राहक त्या पेटीकडे ट्रॅक्टरपेक्षा जास्त वेळ बघतात. रंग उडालेला असेल तिथं नुसतं तेल पुसा. नवा रंग कधीही देता येईल, जुना परत आणता येणार नाही. मुलाला विकायचा असेल तर त्यालाही हेच परवडेल, पण ते त्याला तुम्ही सांगा, मी घरच्या भांडणात पडत नाही.

विक्रेता सांगतो इतके अश्वशक्ती, पुस्तकात वेगळंच. खरं काय मानायचं?

पुस्तक. हे दुखणं शंभर वर्षांचं आहे. अमेरिकेत नेब्रास्काचा विल्मट क्रोझियर नावाचा शेतकरी असाच एक ट्रॅक्टर घेऊन पस्तावला होता. तो आमदार झाला आणि 1919 मध्ये त्यानं कायदाच करून घेतला की ट्रॅक्टर विकायचा तर आधी विद्यापीठाच्या चाचणीला उभा करा. त्या चाचण्यांचे जुने अहवाल आजही बघायला मिळतात. तुमचं मॉडेल त्यात असेल तर कोणत्या फेऱ्यांवर किती शक्ती, तासाला किती डिझेल, सगळं छापलेलं आहे. दुरुस्तीनंतर आपलं इंजिन कुठवर पोचायला हवं हे त्यावरून कळतं.

कितीला घ्यावा आणि किती खर्च करावा, याचं काही गणित आहे का? पहिल्या दोन यंत्रांत मी पूर्ण बुडालो.

बुडालात कारण तुम्ही खरेदीपासून मोजायला सुरुवात केलीत. विक्रीपासून उलटं या. तसंच यंत्र चांगल्या स्थितीत कितीला जातंय ते पाहा. त्यातून सुटे भाग, मजुरी, ने-आण आणि शेडमध्ये उभं राहण्याचे महिने वजा करा. मग माझ्या वहीतला एक रकाना वजा करा, त्याचं नाव 'न दिसलेलं'. त्यात मी क्लच नेहमीच धरते, चाचणीत पास झाला तरी. कारण क्लचपर्यंत पोचायला ट्रॅक्टर कंबरेतून दोन तुकड्यांत वेगळा करावा लागतो. भाग थोडा, मजुरी सगळी. म्हणून एकदा वेगळा केलाच, तर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं लहान बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील एकदमच बदला. त्यातलं एक वाचवलंत आणि सहा महिन्यांनी तेच गेलं, की पुन्हा तेवढीच मजुरी.

उरलं ते तुमचं. काहीच उरत नसेल तर घेऊ नका. त्याच मॉडेलचे दोन तुटके मिळत असतील, तर एक सुट्या भागांसाठी घ्या. माझी निम्मी कमाई कधीही न चाललेल्या यंत्रांतून झाली आहे.

शेवटचं पत्र. "ताई, तुम्ही म्हणता म्हणून गिऱ्हाइकाला खरं सांगितलं : इंजिन नवं केलंय, पण पीटीओचं सील थोडं गळतं. त्यानं भाव पाडला आणि शेवटी घेतलाच नाही. दुसऱ्याला सांगितलं नाही, त्यानं लगेच घेतला. आता सांगा."

तुमचा राग मला कळतो. असं माझंही झालंय, एकदा नव्हे.

मी काय करते ते सांगते. प्रत्येक यंत्राची एक साधी शंभर पानी वही. पहिल्या पानावर आणलं तेव्हा काय होतं, पुढे काय बदललं, कोणत्या भागाचा नंबर काय, नट किती ताणला. शेवटच्या पानावर 'केलं नाही' असा मथळा आणि त्याखाली जे केलं नाही ते सगळं. वही यंत्राबरोबर जाते. तोंडी सांगितलं की घेणाऱ्याला वाटतं, एवढं सांगतो म्हणजे आणखी काय लपवत असेल. लिहिलेलं बघितलं की तो शेवटचं पान आधी उघडतो, आणि मग पुढची पानं वाचायला बसतो. सगळे नाही बसत. काही उठून जातात. परवा एक जण आला, तो माझ्याकडून अकरा वर्षांपूर्वी मळणी यंत्र घेऊन गेला होता. वही बरोबर होती, ऑइलनं काळी झालेली. मी सोडलेल्या कोऱ्या पानांवर त्यानं पुढचं सगळं लिहून ठेवलं होतं, 'केलं नाही'सकट. ते यंत्र त्याला विकायचं होतं. मी ते न उघडता घेतलं. असं मी कधी करत नाही.

ज्याला सांगितलं नाही त्या दुसऱ्या माणसाला फोन करा. सील बदलून देतो म्हणा. आणि बदलताना नुसतं सील बदलू नका. जुनं सील काढल्यावर शाफ्ट पुसून, सील जिथं घासतं तिथं नखानं चाचपा. तिथं खाच पडली असेल तर नवं सीलही लवकरच गळायला लागेल. शाफ्टवर पातळ स्टीलची दुरुस्तीची बाही चढवा, किंवा जागा असेल तर सील दोन मिलिमीटर आत-बाहेर सरकवून बसवा म्हणजे त्याचं ओठ कोऱ्या जागेवर घासेल. बसवताना ओठाला ग्रीस लावा, आणि शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर ते नवं सील आत जातानाच कापतात.